बर्फाच्या पोटातली जुनी थंडी

टिटवाळ्यात धोका मोजायचा तर पाऊस मोजतात. २६ जुलै २००५ नंतर तर आमच्या पिढीला मिलिमीटरची भाषा पाठच झाली. हिमालयात ट्रेकला जाणारे आमच्यातले कित्येक जण तीच सवय सोबत नेतात : आकाश निरभ्र आहे, म्हणजे निघायला हरकत नाही. हिमस्खलनाचा इतिहास वाचला की ही समजूत टिकत नाही.

बर्फ थराथराने साचतो. हिवाळ्याच्या सुरुवातीचा पातळ थर खालची उबदार जमीन आणि वरची गार हवा यांच्यात सापडतो. त्यातली वाफ वर सरकते, कण खडीसाखरेसारखे मोठे आणि सुटे होतात, एकमेकांना धरून राहत नाहीत. पुढे त्यावर मीटरभर बर्फ पडला तरी पाया कच्चाच. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर एका माणसाचं वजनही पुरतं. अपघात आजचा, कारण मात्र दोन महिन्यांपूर्वीच्या थंडीत.

या थरांचा पद्धतशीर अभ्यास स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसजवळ १९३६ पासून सुरू झाला. १९५०-५१च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये अडीचशेहून अधिक माणसं दगावली आणि या अभ्यासाचं मोल सगळ्यांना पटलं. भारतात १९६९ साली मनालीला हिम आणि हिमस्खलनाच्या अभ्यासाची संस्था निघाली, ती लष्कराच्या गरजेतून. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचिनच्या सोनम चौकीवर बर्फाचा कडा कोसळून दहा जवान गेले. त्यांतला एक साताऱ्याच्या माण तालुक्यातला, म्हणजे दुष्काळी मुलखातला. चौकीवर राहायचं की नाही, हे त्याच्या हातात नव्हतं.

ट्रेकरच्या हातात ते असतं. युरोप-अमेरिकेतल्या नोंदी सांगतात, की जीवघेण्या हिमस्खलनांपैकी दहातली नऊ बळी पडलेल्याने किंवा त्याच्या सोबत्याने स्वतःच सुरू केलेली असतात. प्रशिक्षित माणसंही सुटत नाहीत : ४ ऑक्टोबर २०२२ला ‘द्रौपदी का डांडा’ शिखराजवळ उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेची तुकडी सापडली आणि २७ मृतदेह हाती आले.

धोक्याची पाच पायऱ्यांची पट्टी आज आहे, पण ती सगळ्या प्रदेशाबद्दल बोलते. समोरचा उतार आपणच वाचायचा : नवा बर्फ किती, वाऱ्याने तो कुठे नेऊन टाकला, खड्डा खणला तर कुठला थर ठिसूळ लागतो. शंका आली तर मागे फिरायचं. ज्यांना मागे फिरता येत नव्हतं, त्यांच्यासाठी हे शास्त्र आपल्याकडे उभं राहिलं. ज्यांना फिरता येतं, त्यांनी ते वापरू नये, हे काही बरं नव्हे.