फ्रीजमधल्या बर्फाची गोष्ट

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात स्वयंपाकघरातून करूया. डबल डोअर फ्रीज आहे. वर फ्रीझरमधलं आइसक्रीम दगडासारखं घट्ट, आणि खाली दूध नासलेलं. दिवा लागतोय, घरघर ऐकू येतेय. मेकॅनिक येतो, दार उघडतो आणि दोन मिनिटांत निकाल देतो, "गॅस गेलाय, भरावा लागेल." थांबा. पैसे काढायच्या आधी जरा मागे जाऊन येऊ.

साल 1833. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने थंडीत गोठलेल्या तळ्यांतून कापलेल्या बर्फाच्या लाद्या 'टस्कनी' जहाजात भरून कलकत्त्याला पाठवल्या. चार महिन्यांचा प्रवास, तोही उष्ण समुद्रातून. निघताना साधारण 180 टन बर्फ होता, पोचला 100 टनांच्या आसपास. अर्धाअधिक टिकला! पुढच्याच वर्षी अमेरिकन बर्फ मुंबईत उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइसक्रीम वाढलं, आणि ते खाऊन सर्दी झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने छापली म्हणतात. तेव्हा बर्फ म्हणजे श्रीमंती होती.

गंमत बघा, त्याच 1834 मध्ये लंडनमध्ये जेकब पर्किन्सने एका यंत्राचं पेटंट घेतलं. द्रवाची वाफ होऊ द्यायची, ती होताना आजूबाजूची उष्णता शोषून घेते. मग ती वाफ दाबून, उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव करायचा. बंद चक्र. तुमच्या घरचा फ्रीज आजही हेच करतो. म्हणजे गॅस 'वापरून संपत' नाही. कुठे गळती झाली तरच तो कमी होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण या यंत्राला जन्मापासून एक खोड आहे. थंड करणारी कॉइल शून्याच्या खाली जाते. आपण दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि त्यातलं बाष्प कॉइलवर दंव होऊन चिकटतं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर विचारूच नका. दंवात हवा अडकलेली असते, त्यामुळे ते गोधडीसारखं काम करतं. कॉइल आत गारठलेली, पण तो गारवा बाहेर येत नाही. ज्या बर्फासाठी लोकांनी जहाजं पाठवली, तोच आता मशीनचा गळा धरतो.

भारतात बनलेला पहिला फ्रीज गोदरेजने 1958 मध्ये आणला. पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडच्या सिंगल डोअर फ्रीजमध्ये हा बर्फ काढणं हे घरकामच होतं, आणि ते कोणाच्या वाट्याला यायचं ते सांगायला नको. थर्मोस्टॅटच्या मधलं ते बटण दाबायचं, खाली ट्रे, जुने टॉवेल, फरशीवर पाणी. कोणी घाई करून सुरीने बर्फ खरवडला की फ्रीझरच्या भिंतीतली नळी फुटायची. तेव्हा मात्र गॅस खरंच जायचा!

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आले आणि हे काम मशीनने उचललं. कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड गेली. पंखा तिच्यावरून हवा ओढून थोडी खालच्या कप्प्यात ढकलतो. काही तासांनी टायमर, नव्या मॉडेलमध्ये सर्किट बोर्ड, कूलिंग थांबवून हीटर लावतो. दंव वितळतं, पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथेच सुकतं. आमच्या भाषेत हा क्रॉन जॉब. आणि क्रॉन जॉबसारखाच हाही गुपचूप मरतो. हीटर जळला किंवा सेन्सर बिघडला तर बऱ्याचदा कुठेही एरर दिसत नाही. बर्फ पॅनेलमागे साचत जातो, हवेचा रस्ता बंद होतो आणि आधी खालचा कप्पा कोमट पडतो. घरी कोणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असेल तर हा प्रकार दुधापुरता राहत नाही.

मग ओळखायचं कसं? आधी दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा. सहज निसटला तर दमट हवा तिथूनच शिरतेय. मग फ्रीज रिकामा करा, प्लग काढा, दार उघडं ठेवून पूर्ण दिवस जाऊ द्या. पुन्हा लावल्यावर काही दिवस झकास चालला आणि मग तेच सुरू झालं, तर संशय गॅसवर नाही, डीफ्रॉस्टच्या भागांवर घ्यायचा. पाणी आतच साचत असेल तर ड्रेनची नळी तुंबलीय. मागून पंख्याचा आवाजच येत नसेल तर कदाचित पंखा गेलाय, किंवा बर्फात अडकलाय.

आणि मेकॅनिक पुन्हा "गॅस" म्हणाला तर त्याला बर्फ वितळण्याआधी मागचं पॅनेल उघडून दाखवायला सांगा. सगळी कॉइल पांढरीशुभ्र, बर्फाने गच्च भरलेली असेल तर हीटर, सेन्सर आणि टायमर तपासायचे. फक्त एका टोकाला दंव आणि बाकी कॉइल कोरडी असेल, तर मात्र तो गॅसबद्दल खरं बोलत असण्याची शक्यता मोठी. तेव्हाही आधी गळती कुठे आहे ते विचारा, भरायचं नंतर बघू.