उत्पादनखर्च लेखांकन, संगणकीय (डाळमिल उद्योग)

कच्चा माल, मजुरी, वीज आणि इतर कारखानाखर्चाच्या नोंदींवरून तयार मालाचा दर संगणकाकडून आपोआप काढून घेण्याची पद्धत. लातूर, उदगीर व नांदेड परिसरातील डाळमिल, सोयाबीन तेल कारखाने आणि जिनिंग यांत तिची खरी कसोटी लागते, कारण येथे एकाच कच्च्या मालातून अनेक माल निघतात. कापसातून सुमारे एक तृतीयांश रुई आणि उरलेली बहुतेक सरकी मिळते. सोयाबीनमधून १८ टक्क्यांच्या आसपास तेल आणि बाकी मुख्यतः पेंड.

तूर चाळून, साल खरवडून, तेल-पाणी लावून, वाळवून फोडली की डाळीबरोबर खंडा, चुनी आणि भुसा निघतो. ओलावा उडाल्याने काही वजन घटीत जाते. लेखा मानक २ नुसार दुय्यम मालाची किंमत किरकोळ असल्यास त्याचे निव्वळ विक्रीमूल्य मुख्य मालाच्या खर्चातून वजा करतात. समजा, १०० क्विंटल तुरीचा खरेदीसह बाजार शुल्क, हमाली, वाहतूक, वीज व मजुरी धरून खर्च ७,२०,००० रुपये झाला आणि चुनी, भुसा, खंडा ६०,००० रुपयांना गेला. डाळीचा उतारा ७२ क्विंटल असेल तर डाळ क्विंटलला सुमारे ९,१६७ रुपयांना पडते. एक क्विंटल डाळ जादा घटीत गेली, तर तीच ९,२९६ रुपयांना.

टॅलीसारख्या लेखाप्रणालीत प्रत्येक मालाचे ‘बिल ऑफ मटेरियल’, म्हणजे किती कच्च्या मालातून किती माल निघतो याची यादी, एकदा भरून ठेवता येते. त्यात दुय्यम माल व भंगारही दाखवता येते. उत्पादनाची नोंद केली की कच्च्या मालाचा साठा घटतो, तयार मालाचा वाढतो आणि खर्च वाटला जातो. मात्र भरून ठेवलेला उतारा हा अंदाज असतो. तुरीचा वाण, दाण्याचा आकार, ओलावा आणि साल निघण्याची सोय लॉटगणिक बदलते. अंदाजच कायम ठेवला तर पुस्तकात नफा दिसतो आणि गोदामात माल कमी भरतो. म्हणून प्रत्येक लॉट वेगळा ठेवून आत जाणारी तूर आणि बाहेर येणारी डाळ, खंडा, चुनी, भुसा काट्यावर मोजावा, उरलेला फरक ‘घट’ म्हणून स्वतंत्र दाखवावा आणि प्रत्यक्ष आकडेच नोंदीत घ्यावेत. काट्यावर हे काम होत नसेल, तर महागडी प्रणालीही मिलमालकाच्या उपयोगाची नाही.

विजेचे बिल महिन्याने येते, लॉट मात्र काही दिवसांत संपतो. अशा वेळी मीटरच्या वाचनावरून ठरवलेला दर वापरून महिनाअखेरीस फरक दुरुस्त करतात. उताऱ्याचा आकडा मागाहून बदलला गेला का, हेही तपासता यायला हवे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या लेखाप्रणालीत प्रत्येक फेरबदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे. भागीदारी किंवा एकट्याच्या मालकीच्या मिलला हा नियम लागू नाही.