मेलेल्या माणसाची अब्रू

मागच्या महिन्यात इथे पणजोबांवर लिहिलं होतं. शर्यतीच्या बैलांपायी कर्ज झालं आणि मळा गेला, असं त्यात होतं. दुसऱ्याच दिवशी राजारामपुरीतून आत्याचा फोन. "मेलेल्या माणसाची अब्रू काढतोस? त्यांना उत्तर द्यायला येता येतंय काय?"

मी गप्प. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. मेलेल्या माणसाला अब्रू असते का? आणि असली तर ती सांभाळायची कुणी?

हाच प्रश्न १९२६ साली पुण्याच्या कोर्टात आला होता. तेव्हा अब्रू होती टिळकांची आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांची.

तसं टिळकांचं अब्रूच्या खटल्यांशी नातं जुनं, आणि सुरुवात आमच्या कोल्हापूरचीच. इथले कारभारी माधवराव बर्वे महाराजांचा छळ करतात, असं 'केसरी' आणि 'मराठा'नं छापलं. ज्या पत्रांच्या आधारावर छापलं, ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.

पुढे पारडं फिरलं. व्हॅलेंटाईन चिरोलनं लंडनच्या 'टाइम्स'मध्ये लेखमाला लिहिली आणि १९१० साली तिचं पुस्तक झालं. त्यात टिळकांवर राजकीय खुनांपासून ताईमहाराज प्रकरणापर्यंत आरोप होते. त्या दत्तकाच्या भांडणात शाहू महाराज टिळकांच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे कोल्हापूर इथेही आलंच! आता टिळक फिर्यादी. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९१९ च्या जानेवारीत, लंडनला सुनावणी सुरू झाली. समोर कार्सनसारखा वकील. फेब्रुवारीत टिळक हरले. खर्च लाखांच्या घरात गेला, तो भरून काढायला लोकांनी वर्गणी काढली. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले.

पण अब्रूची भांडणं काही थांबली नाहीत. १९२५ साली पुण्यात महात्मा फुल्यांच्या पुतळ्याचा वाद पेटलेला असताना दिनकरराव जवळकरांचं 'देशाचे दुश्मन' निघालं, केशवराव जेध्यांनी ते प्रकाशित केलं. चिपळूणकरांनी एकेकाळी 'निबंधमाले'तून फुल्यांवर जहरी टीका केली होती, तेव्हा फुल्यांच्या बाजूनं कोर्टात कुणी गेलं नव्हतं. आता पुस्तिकेत चिपळूणकर आणि टिळकांवर तशाच जहाल भाषेत हल्ला होता. खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाल्या. अपिलात आरोपींच्या बाजूनं उभे राहिले डॉ. आंबेडकर. फिर्यादी हा दूरचा नातेवाईक, त्याला फिर्यादीचा हक्कच नाही, हा त्यांचा एक मुद्दा होता. ऑक्टोबर १९२६ मध्ये सगळे सुटले.

मुद्दा नुसता वकिली नव्हता. मृताबद्दलचं लिखाण त्याच्या कुटुंबाच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केलं असेल तर ती बदनामी होऊ शकते, असं दंड संहितेचं कलम ४९९ सांगायचं. २०२४ पासून न्याय संहिता आली, तिच्या कलम ३५६ मध्येही ते आहे. मला हे शहाणपणाचं वाटतं. मोठा माणूस मेल्यावर त्याचे अनुयायी सगळेच नातेवाईक होऊन बसले, तर इतिहास लिहायचा कुणी? शिव्यांची पुस्तिका मला आवडत नाही. पण ती तुरुंगानं थांबवण्यापेक्षा तिला उत्तर लिहिलेलं बरं.

आता राहिली आत्या. ती पणजोबांची सख्खी नात. म्हणजे कायद्यानं तिला बोलायचा हक्क आहे! माझा हेतू वाईट नव्हता, हे खरं. पण बैलांची गोष्ट मी एका चुलत्याच्या तोंडून ऐकली आणि तशीच लिहून टाकली. कागद पाहिला नाही, आत्याला विचारलंही नाही. टिळक-आगरकरांना निदान हातात पत्रं तरी होती, माझ्याकडे तेवढंही नव्हतं.

आत्याच्या ट्रंकेत मळ्याचे जुने कागद आहेत म्हणे. रविवारी जातोय. बैल खरे निघाले तर ते तसेच राहतील, खोटे निघाले तर इथेच, याच जागी, माफी मागीन.