राजांचें स्मशान आणि क्रांतीची कुदळ

मृत्यूच्या दारीं राजा आणि रंक हा भेद उरत नाहीं, असें सर्व धर्मांचे साधुसंत सांगत आले आहेत. तथापि तो भेद मृत्यूनंतरहि टिकविण्याचा यत्न राजेलोकांनीं कधीं सोडला नाहीं. युरोपखंडांत या यत्नाला देवालयाचा आश्रय मिळाला. इंग्लंडचे अनेक राजे वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें, स्पेनचे एस्कोरियलच्या मठांत आणि फ्रान्सचे पॅरिसच्या उत्तरेस सेंट डेनिस येथील देवालयांत पुरले गेले. यांपैकीं शेवटच्या स्थळाचा इतिहास विशेष मननीय आहे; कारण तेथें क्रांतीची कुदळ जिवंतांना सोडून मृतांवर चालली.

डेनिस हा पॅरिसचा पहिला बिशप. तिसऱ्या शतकांत, रोमन अंमलाखालीं, त्याचा शिरच्छेद झाला. तुटलेलें मस्तक हातीं घेऊन तो आपल्या दफनभूमीपर्यंत चालत गेला, अशी आख्यायिका भाविक सांगतात. आख्यायिकेचें मोल कांहींहि असो. त्याच्या थडग्यावर देवालय उभें राहिलें, पुढें तेथें मठ झाला, आणि संताच्या सान्निध्यांत देह ठेवल्यास परलोकीं त्याचा आधार मिळेल या श्रद्धेनें ६३९ सालीं दागोबेर राजाला तेथें मूठमाती देण्यांत आली. दहाव्या शतकाच्या अखेरीपासून तर मोजके अपवाद सोडले असतां फ्रान्सच्या प्रत्येक राजाचा शेवटचा प्रवास याच दारीं संपूं लागला.

बाराव्या शतकांत सुजे नांवाचा मठाधिपति तेथें होऊन गेला. हा लहानपणींच मठांत आला होता. सातवा लुई धर्मयुद्धास गेला असतां राज्याचा कारभारहि यानेंच पाहिला. जुनें देवालय अपुरें व काळोखें पडूं लागल्यावर त्यानें तें नव्यानें बांधावयास घेतलें. टोंकदार कमानी आणि छताच्या दगडी फासळ्या यांच्या योगानें वरचा भार खांबांवर उतरविला गेला. भिंतींना भार वाहण्याचें काम फारसें उरलें नाहीं, आणि त्यांच्या जागीं रंगीत काचांच्या उंच खिडक्या बसल्या. ११४४ सालच्या ११ जून रोजीं या भागाचें पवित्रीकरण झालें. गॉथिक शिल्पाचा आरंभ पंडित येथूनच धरितात.

तेराव्या शतकांत नवव्या लुईच्या काळीं पूर्वींच्या राजाराण्यांच्या सोळा शिलामूर्ति घडविण्यांत आल्या. त्यांतील कित्येकांना मरून शेंकडों वर्षें लोटलीं होतीं. शिल्पकारांनीं त्यांचें मुख कधीं पाहिलें नव्हतें. तरी निरनिराळ्या वंशांतील हे राजे एकाच अखंड परंपरेचे वारस आहेत, हें प्रजेच्या मनावर बिंबविण्याचें काम त्या मूर्तींनीं उत्तम केलें. पुढें बाराव्या लुईच्या समाधीवर तर दोन मजले झाले. वर राजाराणी वस्त्रालंकारांसह गुडघे टेकून प्रार्थना करीत आहेत. खालीं त्यांचींच उघडीं, निष्प्राण शरीरें पडलीं आहेत. वैभवाशेजारीं त्याचा शेवट दाखविण्याइतकी विनम्रता त्या काळीं होती.

राज्यक्रांतीच्या काळीं मात्र लोकांस त्या दगडांत केवळ जुलूम दिसला. १७९३ सालच्या १ ऑगस्ट रोजीं राष्ट्रसभेनें राजांच्या समाध्या फोडण्याचा हुकूम दिला, आणि थोड्याच दिवसांत कित्येक शतकांचीं स्मारकें भंगलीं. ऑक्टोबरांत तळघरें उघडलीं. शवपेट्यांचें शिसें गोळ्यांसाठीं हवें होतें. कारण देश चोहोंकडून शत्रूंनीं वेढला होता. १६१० सालीं खून झालेला चौथा हेन्री १८३ वर्षांनंतरहि ओळखूं येत होता. त्याचें शव लोकांना पाहण्यासाठीं उभें करून ठेविलें. १६ ऑक्टोबरास पंधराव्या लुईची शवपेटी उघडली जात असतां तिकडे पॅरिसमध्यें राणी मारी आंत्वानेत हिचा वध होत होता. सर्वांचे अवशेष देवालयालगतच्या खड्ड्यांत टाकून वर चुना लोटला.

याच वेळीं आलेक्सांद्र लन्वार या गृहस्थानें शिलामूर्तींचा बचाव केला. राजांची बाजू घेण्याचा वाद त्यानें घातला नाहीं; या वस्तु राष्ट्राच्या कलेचा ठेवा आहेत, एवढेंच त्यानें पुढें केलें, आणि त्या पॅरिसमधील एका जुन्या मठांत नेल्या. १७९५ सालीं तेथें संग्रहालय उघडलें. राजाचा पुतळा म्हणून जो दगड मरणार होता, तो कलेचा नमुना म्हणून जगला.

राजसत्ता परतल्यावर १८१५ सालच्या २१ जानेवारीस सोळावा लुई व त्याची राणी यांचे अवशेष येथें आणिले. १८१७ सालीं ते खड्डे उकरले; पण कोणाचीं हाडें कोणतीं, हें सांगणें अशक्य होतें. तीं सारीं तळघरांत एकत्र ठेवून संगमरवरी फळ्यांवर नांवें कोरलीं. मूर्ति मात्र परत येऊन आपापल्या नांवानें पहुडल्या. १८२४ सालीं निवर्तलेला अठरावा लुई हा तेथें पुरलेला शेवटचा राजा. त्याचा भाऊ दहावा चार्ल्स परागंदा होऊन मेला, व परदेशींच पुरला गेला.

सोळाव्या लुईचा मुलगा १७९५ सालीं वयाच्या अवघ्या दहाव्या वर्षीं बंदिवासांत मरण पावला. शवपरीक्षा करणाऱ्या वैद्यानें त्याचें हृदय काढून ठेविलें होतें. २००० सालीं शास्त्रीय परीक्षेनें तें राणीच्या मातृकुळाशीं जुळलें, आणि २००४ सालच्या जूनमध्यें तें सेंट डेनिस येथें ठेवण्यांत आलें.

उपाशी प्रजेचा संताप खोटा नव्हता, आणि राजांचे अपराधहि थोडे नव्हते. पण अपराध्यांच्या रांगेंत हें मूल बसत नाहीं, आणि पाषाणहि बसत नाहीं. वर मूर्ति वेगवेगळ्या, खालीं हाडें एकत्र, आणि त्यांच्या सोबतीला एका बालकाचें हृदय. सेंट डेनिसला जाणारा प्रवासी आज हें सर्व एकाच छताखालीं पाहूं शकतो.