झीज वाचताना

चाकूंचा संग्रह बघायला आलेल्या पाहुण्याची नजर चाकूंवर कमी आणि माझ्या तोंडावर जास्त असते. माणूस तर बरा दिसतो, मग हे कशाला? सिल्लोडमध्ये असले प्रश्न कोणी मनात ठेवत नाही, चहाबरोबरच विचारून मोकळे होतात. मी उत्तर देत नाही. कपाटातला एक नंबरचा चाकू काढून हातात देतो.

बोटभर पाते, म्हशीच्या शिंगाची मूठ, पितळेचे दोन रिव्हेट. आठवडी बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगात सापडलेला. मिटला की पाते मुठीत इतके खोल बुडते की उघडायची नखखाच जेमतेम दिसते. पाते घडवले तेव्हा एवढे अरुंद नव्हते, निसण्यावर घासून घासून ते जवळजवळ निम्मे झाले आहे. टोक शाबूत आहे, पोट मात्र खोलगट झिजलेले. म्हणजे टोचण्या-खोदण्याचे काम थोडे, ओढून कापायचे जास्त. धार एकाच बाजूने लावलेली आहे. पूर्वी कोणाला तरी तशी सवय असावी, असे मी धरून चाललो आणि नोंदवहीत ‘काय कापले’ या रकान्यात पेन्सिलीने लिहिले: सुतळी?

या पुस्तकाचा विषय एवढाच आहे. चकचकीत चाकू कोणालाही विकत घेता येतो. हाताळून झिजलेले पाते वाचता येणे ही वेगळी विद्या आहे. तिच्यासाठी पदवी लागत नाही, चांगला उजेड, एक भिंग आणि विचारायला संकोच न करणारी जीभ पुरते.

नवा वाचक पहिल्यांदा अडखळतो तो शब्दांपाशी. ‘चाकू’ हा शब्द तुर्की-फारशी वाटेने आपल्याकडे आला, ‘सुरी’ संस्कृत छुरिकेची. खिशात किंवा कमरेला बाळगायचे छोटे पाते मात्र आपल्याकडे एका नावाने कधीच ओळखले गेले नाही, ते धंद्याच्या नावाने वावरले. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाकडे बोरू तासायला कलमतराश असे. बोरूचे टोक तिरपे छाटले गेले नाही तर अक्षराची जाड-बारीक वळणे येत नाहीत, म्हणून हे पाते दौतीइतकेच गरजेचे. इंग्रजीतल्या पेननाइफलाही पिसाची लेखणी तासण्यावरूनच नाव मिळाले. जुने कलमतराश बहुधा मिटत नाहीत, म्हणून हट्टी संग्राहक त्यांना खिशातल्या चाकूंत धरत नाहीत. मी धरतो.

न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा. तो मिटतो, पण त्याच्या पाठीला स्प्रिंग नसते. पाते एका खिळ्याभोवती सैल फिरते आणि बोटांनीच सावरावे लागते. साध्या खिशातल्या चाकूत पाठीची पोलादी पट्टी पात्याच्या बुडावर दाब देते, म्हणून पाते उघडताना जोर लागतो आणि मिटताना शेवटी ते आपोआप आत ओढले जाते. खटक्याच्या चाकूत पाते उघडल्यावर अडकते आणि खटका दाबल्याशिवाय मिटत नाही. या तीन चाली हाताला ओळखता आल्या की निम्मा विषय आला.

तिसरा मान अडकित्त्याचा. कन्नडमध्ये ‘अडके’ म्हणजे सुपारी, आपल्या शब्दाचे मूळ तिथले. चंचीतला अडकित्ता चाकू नव्हे, हे मान्य. पण या मुलखात बिजागरीवर चालणाऱ्या पात्याचे कारागिराने सगळ्यात जास्त लाड केले ते इथेच: मोर, घोडा, मिथुन, घुंगरू. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहिल्याशिवाय कोणी संग्रहाला सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचे चष्म्याचे दुकान होते, ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत आणि लहानपणी गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी वीस हजारांवर वस्तू जमवल्या. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा दिवे, कुलपे, अडकित्ते यांवर त्यांचा जीव अधिक. आपल्या विषयाचे ते आजोबा. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातले गणिती सॅम्युएल आयलेनबर्ग यांनीही अडकित्ते इतके जमवले की त्यांच्या संग्रहावर हेन्री ब्राउनरिग यांना स्वतंत्र पुस्तक लिहावे लागले. गणितज्ञाला सुपारी कातरायच्या यंत्राचे वेड का लागावे, हे मला दोन भुजांमधला बदलता कोन पाहिल्यावर कळले.

आता पोलाद. सिल्लोड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि त्याच राज्याच्या तेलंगणातल्या बाजूला, कोनासमुद्रम गावी, मुशीत शिजवलेले पोलाद तयार होत असे. हेन्री व्हॉयसी या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती भट्टी प्रत्यक्ष पाहून वर्णन लिहिले. इराणचे व्यापारी तिथे माल घ्यायला येत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात नूरजहाँची म्हणून ओळखली जाणारी, रत्नजडित मुठीची फळे कापायची सुरी आहे. ती जरूर पाहा. मात्र आपल्या बाजारात त्या घराण्याचे काही हाती लागेल या भ्रमात राहू नका. इथली पाती घिसाड्यांनी घडवलेली. भाता, ऐरण, घण घेऊन पालावर उतरणारा हा समाज विळे, खुरपी, कुऱ्हाडी करत आला आणि मोटारी आल्यावर त्याने ट्रकच्या मोडक्या पाट्याचे पोलाद वापरायला घेतले. त्या पोलादात कर्ब पुरेसा असतो, पाणी नीट पाजले तर धार टिकते. पाणी पाजून झाल्यावर पाते पुन्हा हलके तापवतात आणि रंग पाहतात: गवती पिवळा आला की कठीण, निळा आला की लवचीक. हा रंग पुढे घासला जातो, पण मुठीच्या सांध्यापाशी कधी कधी निळसर रेघ उरते. तिला कारागिराची सही समजा.

परदेशी चाकूंची माहिती पुस्तकात पुढे सविस्तर आहे, इथे दोनच नावे घेतो. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनर यांनी १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. शिपायाला बंदूक खोलायला पेचकस आणि डबा फोडायला पाते हवे होते, म्हणून त्या चाकूला अवयव फुटत गेले. लाल मुठीचा ‘ऑफिसर’ चाकू १८९७ चा. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास उलट वाट धरली: एक पाते, एक लाकडी मूठ, बस. पाते जागेवर धरणारी फिरती कडी त्याला १९५५ मध्ये आली. आखातातून किंवा युरोपातून सुटीवर आलेला कोणी भाचा-पुतण्या यातला एखादा भेट देतोच. घ्या, वापरा. संग्रहात त्याला जागा द्यायची ती दहा वर्षांनी.

आणि रामपुरी. ‘वक्त’ (१९६५) मधल्या राजकुमारने या चाकूला मिळवून दिलेली प्रसिद्धी त्याला अजून सुटलेली नाही. रामपूर शहराने २०२३ मध्ये सुमारे वीस फुटी चाकूच चौकात उभा केला. पण जुना रामपुरी हातात घेऊन खटक्याची घडण बघा. सिनेमा विसरून लोहारकाम दिसायला लागेल.

कायद्याचे थोडक्यात, पण लक्ष देऊन वाचा. शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामाची तेवढी वगळलेली आहेत. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाईचे आदेश वरचेवर निघतात आणि त्यांत चाकू बाळगून फिरण्याला बंदी असते. संग्रह घरात ठेवावा, मिरवू नये. दुसरे, हस्तिदंत किंवा सांबर-चितळाच्या शिंगाची मूठ कितीही देखणी असली तरी घेऊ नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ त्यासाठी आहे आणि ‘आजोबांची आहे’ हे उत्तर पुरत नाही. म्हशीच्या शिंगाला तसली अडचण नाही.

सुरुवात कशी करावी? पैसे बाजूला ठेवून नव्हे. आधी घरातले ट्रंक, कोठी, शिवणयंत्राचा खण धुंडाळा. मग चुलत्या-मामांकडे जा आणि मागण्याआधी ऐका. वस्तू मिळाली नाही तरी तिची हकीकत मिळते. प्रत्येक वस्तूला नोंदवहीत एक पान द्या: कधी, कोणाकडून, कोणत्या गावी, किती रुपयांना, मूळ मालकाचा धंदा, लांबी मिलिमीटरमध्ये, वजन, पात्याच्या बुडाशी शिक्का असल्यास त्याचे रेखाटन. नंबर पात्यावर कोरू नका, सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा. पहिली पंचवीस पाने भरेपर्यंत काही विकू नका आणि ‘दुर्मिळ’ हा शब्द उच्चारणाऱ्या विक्रेत्याकडून काही घेऊ नका.

निगा राखण्याच्या बाबतीत मी स्वतः केलेला अपराध सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत मिळालेल्या एका काळपट चाकूला मी पॉलिश पेपरने तासभर घासले. पाते आरशासारखे झाले. बुडाशी असलेला शिक्का, ज्याची दोन अक्षरे दिसत होती, तो त्या तासात गेला. काळपट-निळसर थर आणि तांबडा गंज यांत फरक आहे. पहिला थर साध्या पोलादावर वापरातून चढतो आणि खाली धातूचे थोडेफार रक्षणच करतो, त्याला हात लावू नये. गंज मात्र पात्याला खात जातो. तेलात भिजवलेल्या कापडाने, हट्टी असेल तर तांब्याच्या नाण्याच्या कडेने, तो हळूहळू उचलावा. पितळेच्या रिव्हेटला चिंच लावायचा मोह आवरा, कारण आंबट पाणी झिरपून शेजारच्या पोलादाला लागते. शाणेवर तर जुने पाते देऊच नका. चाकावर धार तापून निळी पडली की कारागिराने पाजलेले पाणी उतरले.

तेल शिवणयंत्राचे, एक थेंब, सांध्यात. गोडेतेल चिकट होते आणि जवसाचे वाळून पापुद्रा धरते. चामड्याच्या म्यानात ठेवण्याची हौस अनेकांना असते, पण चामडे ओल धरते आणि त्यातले कमावण्याचे क्षार पात्याला लागतात. म्यान शेजारी ठेवा. सेल्युलॉइडची मूठ, म्हणजे कापराचा वास येणारी रंगीत मूठ, वेगळ्या डबीत, कारण ती कुजताना सुटणारी वाफ शेजाऱ्यांना गंजवते. शिंगाला कसर लागते. आणि आपल्याकडचे हवामान दोन्हीकडून मारते: मे महिन्यात लाकडी मुठीला चीर, ऑगस्टमध्ये पात्याला ठिपके.

वर्षातून एक दिवस सगळे चाकू बाहेर काढावेत आणि तो दिवस आपल्या पंचांगाने ठरवून दिलेला आहे: खंडेनवमी. त्या दिवशी घरोघर विळी, कोयता, अडकित्ता पाटावर येतात. पावसाळा सरत आलेला असतो, म्हणजे ओलीचा हिशेब करायला वेळही योग्य. पूजा जरूर करा. फक्त ओले हळदकुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या रात्रभर पात्यावर ठेवू नका. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सोने वाटायच्या आत पुसून, तेलाचा हात फिरवून, नोंदवहीशी ताडून पाहा.

अशाच एका खंडेनवमीला शेजारच्या गल्लीतले एक आजोबा आले होते. हयातभर लोकांच्या बागांवर राबलेले. त्यांनीही तोच प्रश्न विचारला आणि मी तोच एक नंबरचा चाकू पुढे केला. त्यांनी तो उघडला, अंगठा धारेवरून आडवा नेला, उलटून दुसऱ्या बाजूने नेला आणि हसले.

“सुतळीचा नाही हा, बाबा. एकाच अंगाने धार आहे, बघ. डोळे भरायचा आहे, मोसंबीचे. सपाट बाजू सालीला लागली पाहिजे, नाहीतर डोळा धरत नाही.”

मी खोडरबर आणायला उठलो.