मोठ्या बाईगत बोलणारी पोर

भांडीकुंडी आवरली असतील, तर या जरा रेडिओजवळ.

पोरीनं चार प्रश्न जास्त विचारले की आपल्याकडं काय म्हणतात? 'लई आगाऊ झालीस. मोठ्या बाईगत बोलायला लागलीस.' अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या काळ्या आयाही लेकींना असंच दटावत. त्यांचा शब्द होता 'वूमनिश', म्हणजे वयापेक्षा मोठी, बाईसारखी वागणारी. ॲलिस वॉकर या लेखिकेनं त्या दटावणीतूनच 'वूमनिस्ट' हा शब्द घडवला आणि १९८३ साली आपल्या लेखांच्या पुस्तकात त्याचा अर्थ सांगितला. शिवी उचलून तिनं दागिना केला, असं आम्हाला वाटतं.

स्त्रीवाद हा शब्द असताना नवा कशाला? तिथल्या शिकलेल्या गोऱ्या बाया घराबाहेर पडून काम करण्याचा हक्क मागत होत्या. काळी बाई तर पिढ्यान् पिढ्या बाहेरच राबत होती, आणि कित्येकदा त्या गोऱ्या बाईच्याच घरी धुणंभांडी करत होती. तिचा नवरा घरात तिच्यावर हात उगारायचा, पण गोऱ्या मालकापुढं त्याचीही मान खाली असायची. त्याला टाकून एकटीनं सुटायचं नाही, आणि त्याचा मारही सोसायचा नाही. वॉकर म्हणते ती वूमनिस्ट बाई साऱ्या समाजाचं, बाया आणि बापे दोघांचंही, जगणं शाबूत राहावं म्हणून झटते.

वॉकरचा जन्म १९४४ चा, जॉर्जिया राज्यातला. आठ भावंडांत ती सगळ्यात धाकटी. आईबाप दुसऱ्याचं शेत वाट्यानं कसायचे. पुढं आई गोऱ्यांच्या घरी मोलकरीण झाली. आठवड्याला वीस डॉलरसुद्धा हातात येत नसत, तरी तिनं लेकीला तीन वस्तू घेऊन दिल्या: शिलाई मशीन, सुटकेस आणि टाइपरायटर. अंगावरचं स्वतः शिव, गाव सोडून जा, आणि लिही.

तिची 'द कलर पर्पल' ही कादंबरी १९८२ ची. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पुरस्कार मिळाला; कादंबरीसाठी तो मिळवणारी ती पहिली काळी बाई. गोष्ट सेलीची. ज्याला ती बाप समजते तोच तिच्यावर जबरदस्ती करतो, आणि देवाशिवाय कुणाला सांगू नको म्हणून धमकावतो. म्हणून ती देवालाच पत्रं लिहिते. मग तिला एका बिजवराच्या गळ्यात बांधतात. तो मारतो, आणि तिच्या बहिणीची आलेली पत्रं वर्षानुवर्षं लपवून ठेवतो.

आमच्या गटात ही गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्या एका जागी थबकल्या. सेलीचा सावत्र मुलगा हार्पो विचारतो, बायको ऐकत नाही, काय करू? आणि सेली, जी स्वतः मार खाते, ती म्हणते, मार तिला. सोफिया, त्याची बायको, उलटून त्यालाच बडवते आणि मग सेलीला जाब विचारायला येते. सेली कबूल करते, तू भांडतेस, मला ते जमत नाही, म्हणून तुझा हेवा वाटला. दोघी बोलतात, हसतात, आणि जुन्या फाटक्या कापडांची गोधडी शिवायला बसतात. पुढं त्या गोधडीसाठी शग नावाची गाणारी बाई आपला जुना पिवळा झगाही देऊन टाकते. शग कोण? सेलीच्या नवऱ्याची प्रेयसी! सुनेला मार दे म्हणणाऱ्या सासवा आपल्यातही आहेत. आमच्यातल्या एकीनं त्या दिवशी मान खाली घातली, नाव सांगत नाही.

हीच सोफिया पुढं महापौराच्या बायकोची मोलकरीण व्हायला नकार देते. त्यापायी मार, तुरुंग, आणि शेवटी वर्षानुवर्षं त्याच घरात राबणं तिच्या वाट्याला येतं. घरातली लढाई तिनं जिंकली होती, रस्त्यावरची हरली.

१९८५ साली या गोष्टीवर सिनेमा आला तेव्हा बऱ्याच काळ्या पुरुषांनी निषेध केला. गोऱ्यांसमोर आमच्या माणसांना जनावर का दाखवता, म्हणाले. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं म्हणता येत नाही; काळ्या पुरुषाला पशू ठरवूनच तर तिथं कितीतरी जणांना झाडाला लटकवलं गेलं. पण घराची अब्रू राखायची म्हणून सेलीनं किती वर्षं गप्प बसायचं? आणि कादंबरीत तो नवराही बदलतो. शेवटी म्हातारपणी सेलीशेजारी ओसरीवर बसून शिवण करतो. सेलीच्या विजारींचा तर धंदाच उभा राहतो.

अमेरिका लांब आहे खरी. पण जोतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं, ते तिथल्या गुलामांना सोडवायला झटलेल्या लोकांना अर्पण केलं होतं.

त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७३ साली, ॲलिस वॉकर फ्लोरिडातल्या एका माजलेल्या रानात कबर शोधत फिरली. ती होती झोरा नील हर्स्टनची. काळ्या खेड्यातल्या बायांची बोली हर्स्टननं १९३७ सालीच कादंबरीत आणली होती. पण ती १९६० साली गरिबीत मेली, आणि कबरीवर साधा दगडही नव्हता. वॉकरनं तिथल्या लोकांना आपण हर्स्टनची भाची असल्याची थाप मारली, गवतात उभं राहून झोराला हाका मारल्या, आणि जमीन खचलेली दिसली तिथं दगड बसवला. त्यावर जन्मसाल १९०१ कोरलं आहे. खरं तर झोरा १८९१ ची. वय ती स्वतःच दहा वर्षं कमी सांगत आली होती.