मुखवट्याची पाठ

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपली एक जुनी म्हण आहे. ही म्हण ज्यांनी केली त्यांनी खरोखरीची सोंगे पाहिली असली पाहिजेत. कमरेला घोडा बांधून नाचणारा खंडेराव, दहा तोंडांचा रावण, खांबातून निघणारा नरसिंह! शहरातल्या आपणा मंडळींना आता सोंग म्हटले की ढोंग तेवढे आठवते. परंतु जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात सोंग हा शब्द अजून आपल्या मूळच्या मानाने नांदतो आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांना आज तिकडेच नेण्याचा माझा बेत आहे.

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. १९४८ मध्ये ते विलीन झाले, ठाणे जिल्ह्यात आले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात गेले. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. पण होळी आटोपली आणि पावसाला अवकाश असला की इथल्या वारली, कोकणा, महादेव कोळी आदी लोकांच्या गावांतून बोहाडा उभा राहतो, तो राहतोच. रात्र पडली की संबळ आणि सनई वाजू लागते. आधी गणपती येतो, मग सरस्वती. आणि एकामागून एक देव-दैत्य गावाच्या वाटेवरून नाचत पुढे-मागे होतात. शेवटी पहाटेच्या सुमारास देवी आणि महिषासुर यांची झुंज होते आणि गाव शांत होते. पुष्कळ ठिकाणी एकेक सोंग एकेका घराण्याकडे असते. सोंग नाचविणे ही करमणूक नव्हे. तो मान आहे आणि नवसही आहे.

आता या मुखवट्यांचा इतिहास लिहावयाचा तर साधने कोणती? दप्तरांत राजे सापडतात, सारा सापडतो, जंगलाचे कायदे सापडतात. मुखवटा कोरणाऱ्याचे नाव सापडणे कठीण. बरे, मुखवटाच साक्षीला बोलवावा, तर तो बहुधा पांगारा किंवा सावर अशा हलक्या लाकडाचा. रात्रभर तोंडावर बांधून नाचावयाचे, तेव्हा सागवान कोणाच्या मानेला सोसणार? पण हलके लाकूड जितके सोयीचे तितकेच नाशिवंत. कीड लागते, ओल लागते, आणि पिढी-दोन पिढ्यांत जुन्या मुखवट्यावरून नवा घडवावा लागतो. म्हणजे पिढ्यांमागून टिकत आलेला असतो तो मुखवटा नव्हे, तो घडविणारा हात.

हा हात कसा टिकतो, हे मला मोखाड्याकडच्या एका वृद्ध कारागिराच्या ओटीवर उमगले. मला मुखवटे पाहावयाचे होते. म्हातारा तासभर पटाशीलाच धार लावीत बसला होता. मी सहज म्हटले, "बाबा, लाकूड तर मऊ आहे. त्याला एवढी धार कशाला?"

तो हसला. "गुरुजी, सागाला जरा बोथट चालून जाते. पांगाऱ्याला नाही चालत."

हे ऐकून वाचकांना नवल वाटेल, पण ते अक्षरशः खरे आहे. कठीण लाकूड पात्याला टेकू देते, त्यामुळे जोर केला तर बोथट पातेही त्यात शिरते. मऊ लाकडाचे तंतू मात्र कापले जाण्याऐवजी दबतात, चुरगळतात आणि उपटून येतात. म्हणून त्याच्यासाठी पात्याचा उतार अधिक लांब, अधिक पातळ करावा लागतो, आणि पातळ धार लवकर मरते. तेव्हा पुन्हा दगड, पुन्हा पाणी. आधी खरखरीत दगडावर पाते घासावयाचे. उलट्या बाजूला बारीकसा काठ वळून बोटाला लागू लागला की मुळी धारेपर्यंत घासले गेले असे समजावे. मग गुळगुळीत दगडावर तो काठ मोडावयाचा आणि शेवटी चामड्यावर पाते ओढावयाचे. परीक्षाही साधी. ओंडक्याच्या आडव्या छेदावर पटाशी चालवावी. कापलेली जागा चकाकली तर धार, पांढुरकी खरबरीत राहिली तर नाही.

त्याची हत्यारे गावच्या लोहाराने मोटारीच्या कमानपाट्याच्या पोलादातून घडविली होती. बाजारातल्या विजेच्या सहाणेवर ती नेण्यास तो तयार नव्हता. वेगाच्या घर्षणाने पाते तापते, निळे पडते, आणि त्याचे पाणी उतरते. मग कितीही घासा, धार टिकत नाही. पाणी उतरणे हा वाक्प्रचार आपण माणसांबद्दल किती सहज वापरतो. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

त्याने भिंतीवरचा एक मुखवटा काढून माझ्या हाती दिला आणि तो उलटा धरावयास सांगितले. दर्शनी बाजूवर रंगाचे थरावर थर, कारण बोहाडा आला की रंग नवा होतो. पाठ मात्र कोणी रंगवीत नाही. तेथे वाकसाचे मोठे घाव, त्यांवर गोल पटाशीच्या ओळी, आणि कपाळ टेकते तेथे घामाने काळवंडलेली जागा. "हे माझ्या बापाचे," तो घावांवरून बोट फिरवीत म्हणाला. जपानातल्या नो नाट्याचे जाणकारही मुखवटा उलटा करून आतल्या हत्यारांच्या खुणांवरून कारागीर ओळखतात. दप्तरात नसलेली सही लाकडाच्या पाठीवर असते!

आज त्या भागात लाकडापेक्षा कागदाच्या लगद्याचे मुखवटे अधिक होतात. मातीच्या साच्यावर कागदाचे थर चढवावयाचे, वाळले की रंगवावयाचे. त्यांना नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. ते हलके असतात, नाचणाऱ्याला सुखाचे असतात, जव्हारची ओळखही आज त्यांनीच दूरवर नेली आहे. लाकूड मिळविणेही सोपे राहिलेले नाही. ब्रिटिश मुलखात १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव वने आली. पुढे या शतकभरात मऊ सावरीला आगकाड्यांच्या कारखान्यांचे गिऱ्हाईक मिळाले. ज्या लाकडातून देव निघत होते त्यातून काड्या निघू लागल्या.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. साचा चेहरा राखतो. हात राखत नाही. साच्यातून उतरलेला शंभरावा मुखवटा पहिल्यासारखाच असतो, तर कोरणाऱ्याचा प्रत्येक मुखवटा बापाच्या मुखवट्याहून केसभर निराळा असतो, आणि त्या केसभर अंतरालाच आपण परंपरा म्हणतो. म्हाताऱ्याचा नातू वाड्याला कामाला जातो. आजोबांचा चेहरा-मोहरा त्याने उचलला आहे, बोहाड्यात सोंगही तो नाचवितो. दगडापाशी मात्र तो बसलेला नाही. पटाशी आठ दिवसांत हाती धरता येते. धार मेली हे लाकडाच्या आवाजावरून ओळखावयास वर्षे लागतात, आणि ती शिकवणारा माणूस ओटीवर असावा लागतो.

तेव्हा वाचकहो, कोणाच्या दिवाणखान्यात लाकडी मुखवटा टांगलेला दिसला तर यजमानांची परवानगी घेऊन तो एकदा उलटा करून पाहा. समोरून तो देव असेल, दैत्य असेल. पाठीमागून तो कोणा एका माणसाचा असतो.